ओर्का आणि अ‍ॅवोगॅड्रो: बीएस्सीची प्रॅक्टिकलं सांभाळून रिसर्च करणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

सरळ मुद्द्यावर येते. बीएस्सीला केमिस्ट्री-फिजिक्स दोन्ही आहे, आठवड्यातल्या बहुतेक दुपारी प्रॅक्टिकलमध्ये जातात, जर्नल कायम अर्धवट असतं आणि तरी पदवी संपायच्या आत थोडा तरी खरा रिसर्च करून बघायचाय, असं ज्यांचं चाललंय त्यांच्यासाठी ओर्का आणि अ‍ॅवोगॅड्रो ही जोडी एक नंबर आहे. दोन्ही फुकट, साध्या लॅपटॉपवर चालतात, आणि कॉलेजची लॅब पाचला बंद झाली तरी तुमचं काम चालू राहतं. फक्त क्वांटमचा पेपर पास होण्यापुरता काढायचा विचार असेल तर राहू द्या, कारण मग हे नुसती रंगीत चित्रं काढायचं यंत्र होऊन बसतं आणि व्हायव्हात एक्स्टर्नल पहिल्या दोन प्रश्नांत पकडतात.

आधी हे आहे काय ते सांगते. ओर्का हा क्वांटम केमिस्ट्रीची गणितं करणारा प्रोग्राम, जर्मनीत म्युलहाइमच्या माक्स प्लांक इन्स्टिट्यूटमधल्या फ्रांक नीझे यांच्या ग्रुपने बनवलेला. शिक्षण आणि संशोधनासाठी नोंदणी करून मोफत मिळतो, कंपन्यांना मात्र लायसन्स विकत घ्यावं लागतं. सहावी आवृत्ती २०२४ मध्ये आली. याला खिडक्या, बटणं, मेनू असलं काही नाही. एक टेक्स्ट फाईल लिहायची, काळ्या स्क्रीनवर कमांड द्यायची, आणि मग तो भली मोठी आउटपुट फाईल ओततो. अ‍ॅवोगॅड्रो म्हणजे रेणू काढायचं आणि बघायचं सॉफ्टवेअर. माऊसने अणू जोडा, फोर्स फील्डने (म्हणजे बाँडना साध्या स्प्रिंगा धरून केलेल्या झटपट हिशेबाने) आकार जरा सरळ करून घ्या, ओर्कासाठी इनपुट तयार करा, आणि गणित झालं की तीच आउटपुट फाईल उघडून रेणूची कंपनं हलताना बघा. एक हिशेब करतो, दुसरा दाखवतो.

आता मेन गोष्ट, म्हणजे वेळ. पदवीच्या पोरापोरींना रिसर्चची हौस नसते असं नाही हो, दुपारच नसते. वेट लॅबमध्ये प्रोजेक्ट घेतला की रिॲक्शन सहा-सहा तास रिफ्लक्सवर, म्हणजे उकळत, ठेवायची असते आणि पाच वाजता लॅबमधले मामा किल्ल्या घेऊन दारात उभे. त्यात मधल्या दोन तासांत फिजिक्सचं प्रॅक्टिकल, तिथे सोडियम लॅम्प गरम व्हायची वाट बघा, मग न्यूटन्स रिंग्जच्या मायक्रोस्कोपमध्ये डोळे फोडून रीडिंग घ्या, परत येईपर्यंत इकडे वाळत ठेवलेलं प्रॉडक्ट कुणीतरी हलवलेलं. वर एनएमआर (रेणूची रचना ओळखायची चाचणी) काढायचा तर सॅम्पल बाहेर पाठवा, चार्जेस भरा, आणि रिपोर्ट येईपर्यंत इंटर्नल्स आलेल्या. माझ्या बॅचमध्ये वेट लॅबवाले जे दोघं-तिघं टिकले ते सगळे लॅबपासून पाच मिनिटांवर राहणारे होते, एसटीने अप-डाऊन करणारं एकही नव्हतं.

ओर्काचं तसं नाही. संध्याकाळी जेवणाआधी इनपुट लिहायचं, लावून द्यायचं, आणि जर्नलचे ग्राफ काढत बसायचं. पंधरा-वीस अणूंचा रेणू आणि छोटा बेसिस सेट (इलेक्ट्रॉनचं वर्णन करायला वापरायच्या गणिती फंक्शन्सचा संच) असेल तर मेसला जाऊन येईपर्यंत उत्तर तयार. मोठा बेसिस सेट किंवा बरेच रेणू असतील तर छोटीशी बॅच फाईल करून एकामागे एक रांगेत लावायचे आणि झोपायचं. तुमचा स्वतःचा वेळ लागतो तो आधी विचार करायला आणि नंतर आउटपुट वाचायला, मधला सगळा वेळ प्रोसेसरचा. फिजिक्स-केमिस्ट्रीच्या वेळापत्रकात बसणारा रिसर्च मला तरी हाच दिसला.

पण वेळ वाचतो हे अर्धंच कारण. उरलेलं अर्धं असं, की अभ्यास आणि रिसर्च हे दोन वेगळे ढीग राहत नाहीत. माझंच उदाहरण देते. आम्हाला इनऑरगॅनिकच्या प्रॅक्टिकलला अ‍ॅसिटिलअ‍ॅसिटोनचं मँगनीज कॉम्प्लेक्स करायचं होतं, सगळ्यांनी केलं, यील्ड काढलं, जर्नलवर सही घेतली, विषय संपला. मॅडमनी प्रोजेक्ट म्हणून तोच लिगँड, म्हणजे धातूला जोडला जाणारा अ‍ॅसिटिलअ‍ॅसिटोन, दिला. हा रेणू दोन रूपांत असतो, कीटो आणि ईनॉल. ईनॉलमध्ये ओएचचा हायड्रोजन शेजारच्या ऑक्सिजनला आतल्या आत हायड्रोजन बाँड करून सहा अणूंचं कडं बनवतो. हेक्झेनसारख्या नॉन-पोलर द्रावकात ईनॉल भरपूर आणि पाण्यात कीटो जास्त, हे पुस्तकात एका ओळीत दिलेलं असतं. मॅडम म्हणाल्या, ही एक ओळ तुझ्या लॅपटॉपवर दिसते का बघ.

तर अ‍ॅवोगॅड्रोत दोन्ही रूपं काढली. ओर्काच्या इनपुटमध्ये उद्गारचिन्हाने सुरू होणारी एक ओळ असते, तिच्यात मेथड, बेसिस सेट, ऑप्टिमायझेशन आणि फ्रीक्वेन्सी असं सगळं एका दमात लिहायचं. खाली चार्ज आणि मल्टिप्लिसिटी (जोडी न जमलेले इलेक्ट्रॉन अधिक एक), त्याखाली अणूंचे को-ऑर्डिनेट्स, झालं. मेथड बी-थ्री-एलवायपी (इलेक्ट्रॉनच्या घनतेवरून एनर्जी काढणाऱ्या डेन्सिटी फंक्शनल थिअरीतली एक) घेतली, कारण पदवीच्या प्रोजेक्टला ती सगळ्यांच्या ओळखीची आहे आणि पोस्टरसमोर उभं राहून समजावून सांगता येते. आकार स्थिर झाला की आउटपुटमध्ये चौकट करून चक्क ‘हुर्रे’ छापून येतं, खरंच, इंग्रजीत मोठ्या अक्षरांत, खाली ऑप्टिमायझेशन कन्व्हर्ज झालं म्हणून. रात्री साडेबाराला ग्रेटिंगचं कॅल्क्युलेशन चौथ्यांदा चुकत असताना कुणीतरी आपल्याला हुर्रे म्हणतंय याचं जे बरं वाटतं ते शब्दांत नाही सांगता येत.

मग फ्रीक्वेन्सीची यादी. इथे माझं फिजिक्स पहिल्यांदा कामाला आलं असं म्हणेन. रेणूत १५ अणू, म्हणजे ४५ डिग्रीज ऑफ फ्रीडम, त्यातले तीन ट्रान्सलेशन आणि तीन रोटेशनचे वजा केले की ३९ कंपनं. यादीत पहिल्या सहा ओळी शून्य दिसतात त्या याच. क्लासिकल मेकॅनिक्समध्ये नॉर्मल मोड्स शिकताना दोन गोळे आणि तीन स्प्रिंगा यापलीकडे डोळ्यासमोर काही यायचं नाही, इथे अ‍ॅवोगॅड्रोमध्ये एकेक मोड निवडून रेणू हलताना बघितला तेव्हा आयगेनव्हॅल्यू कशाला म्हणतात ते कळलं. एखादी फ्रीक्वेन्सी उणे आली तर ती इमॅजिनरी, म्हणजे तुम्ही दरीत नाही तर खिंडीत उभे आहात, आकार थोडा वाकवून परत ऑप्टिमाइझ करा. आणि आयआर शिकताना मॅडम जे सांगतात की अ‍ॅसिटिलअ‍ॅसिटोनमध्ये १६०० च्या आसपास रुंद दणकट पट्टा ईनॉलचा आणि १७०० च्या वरचे कीटोचे, ते का, हे हलणारं चित्र बघून समजतं. गणितातले आकडे प्रयोगापेक्षा थोडे वरच येतात, कारण प्रोग्राम बाँडला आदर्श स्प्रिंग धरून चालतो आणि खरा बाँड तसा नसतो. म्हणून आकड्यांना स्केलिंग फॅक्टरने गुणतात, बी-थ्री-एलवायपीला साधारण ०.९६ च्या आसपास. हार्मोनिक आणि अनहार्मोनिक ऑसिलेटरचा पाच मार्कांचा प्रश्न मी त्या सेमिस्टरला वेगळा पाठच केला नाही.

द्रावकाचंही तसंच. ओर्कामध्ये पाणी घालायचं म्हणजे पाण्याचे रेणू घालत नाहीत, रेणूभोवती एक सलग माध्यम धरतात आणि त्याला डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट देतात, पाण्याला ८० च्या आसपास, हेक्झेनला दोनच्याही आत. एसवायला इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझममध्ये कपॅसिटरच्या प्लेट्समध्ये कोंबून आम्ही जे विसरलो होतो तेच हे. आणि हेच त्याचं दुबळं अंगसुद्धा आहे, कारण पाणी नुसतं सलग माध्यम नसतं, ते स्वतः हायड्रोजन बाँड करतं, कीटोच्या ऑक्सिजनला धरतं, ईनॉलचं ते आतलं कडं सैल करतं. ते या मॉडेलमध्ये कुठेच नाही. पोस्टरवर हे स्वतःहून लिहा, विचारायची वाट बघू नका.

आता जिथे सगळे फसतात ते सांगते, जरा नीट वाचा. ओर्का एनर्जी हार्ट्रीमध्ये देतो. आमच्या रेणूची येते उणे ३४५ पॉइंट काहीतरी. एक हार्ट्री म्हणजे मोलमागे ६२७.५ किलोकॅलरी, म्हणजे एकूण आकडा दोन लाख किलोकॅलरीच्या वर. आणि आपल्याला शोधायचाय दोन रूपांमधला एक-दोन किलोकॅलरीचा फरक! खोलीच्या तापमानाला फ्री एनर्जीत १.३६ किलोकॅलरीचा फरक पडला की इक्विलिब्रियम कॉन्स्टंट दहापट बदलतो. फरक शून्य असेल तर ईनॉल ५० टक्के, १.३६ असेल तर एकदम ९१ टक्के. बी-थ्री-एलवायपीसारख्या मेथडची चूक सहज एक-दोन किलोकॅलरी असू शकते, त्यात कीटो रूप लवचिक, त्याचे बरेच कॉन्फॉर्मर (बाँड फिरवून होणारे वेगवेगळे आकार), कुठला घेतला यावरही आकडा हलतो. म्हणजे टक्केवारी काढून ‘प्रयोगाशी जुळली’ म्हणणं हा बऱ्याचदा नशिबाचा भाग. ट्रेंड मात्र मागता येतो, हेक्झेनकडून पाण्याकडे जाताना ईनॉल घटतो का, हे विचारा, ते मॉडेल सांगतं. माझ्याबरोबरच्या एकाने चार मेथड्स चालवून जी पुस्तकातल्या टक्केवारीच्या सगळ्यात जवळ आली तीच पोस्टरवर लावली, जजनी बाकीच्या तिघींचं काय झालं एवढंच विचारलं.

थर्मल फिजिक्समध्ये बोल्ट्झमन फॅक्टर शिकलेला असेल तर वरचा सगळा हिशेब एका ओळीचा आहे. नसेल तर नुसती जादू. म्हणून म्हटलं, फिजिक्सचा अभ्यास बाजूला टाकून रिसर्च करायला जाल तर रिसर्चच पोकळ होईल. या शास्त्राचा इतिहासही तसाच मिसळलेला आहे, डेन्सिटी फंक्शनल थिअरीचा पाया घालणारे वॉल्टर कोन हे फिजिक्सचे, त्यांना १९९८ चं नोबेल केमिस्ट्रीत मिळालं, आणि ते वाटून घेणारे जॉन पोपल यांची डॉक्टरेट गणिताची.

आता तोटे, कारण नुसतं कौतुक केलं तर रिव्ह्यू कसला.

सगळ्यात मोठा धोका म्हणजे हे कधी संपतच नाही. वेट लॅबमध्ये केमिकल संपलं, सुट्टी लागली की माणूस थांबतो. इथे ‘अजून एक फंक्शनल (म्हणजे बी-थ्री-एलवायपीसारखी दुसरी मेथड) लावून बघू, अजून एक सॉल्व्हंट’ करत रात्री जातात, आणि रन लावायला दोन मिनिटं लागत असली तरी आउटपुट वाचायला डोकं ताजं लागतं, ते आधीच प्रॅक्टिकलमध्ये खर्च झालेलं असतं. आमच्याकडे एक नियम चालायचा, तो चांगला होता: आधीच्या रनचं उत्तर वहीत एका वाक्यात लिहिल्याशिवाय पुढची रन लावायची नाही. आउटपुट फाईली शेकड्याने साठतात, पण वहीत वाक्य नसेल तर त्यांचा अर्थ शून्य. आणि इंटर्नल्सच्या आठवड्यात, युनिव्हर्सिटीच्या परीक्षेच्या आधीचे दोन-तीन आठवडे, लॅपटॉपवरून ते फोल्डर दुसरीकडे हलवा, चेष्टा नाही करत. कुठलेही गाईड त्या काळात काही मागत नाहीत, मागत असतील तर गाईड बदला.

दुसरं, हाताला वळण लागत नाही. ब्युरेटचा शेवटचा थेंब, रिक्रिस्टलायझेशन, टीएलसी हे स्क्रीनवर येत नाही. पुढे सिंथेसिसमध्ये जायचं असेल तर हा प्रोजेक्ट जोडीला ठीक, पण सुट्टीत कुठेतरी प्रत्यक्ष लॅबमध्ये दोन महिने काढाच. तिन्ही सायन्स अ‍ॅकॅडमी मिळून जी समर फेलोशिप देतात ती त्यासाठी उत्तम, सुट्टीतच असते म्हणजे लेक्चर बुडत नाहीत. अर्ज मात्र कितीतरी महिने आधी भरावा लागतो, मे महिना उजाडल्यावर जागं होऊन उपयोग नाही.

तिसरं, सुरुवातीचा चढ. इन्स्टॉल करणं अवघड नाही पण कटकटीचं आहे. एकापेक्षा जास्त कोअर वापरायचे तर वेगळं एमपीआय (कोअरमध्ये काम वाटून देणारं सॉफ्टवेअर) टाकावं लागतं, विंडोजला मायक्रोसॉफ्टचं, लिनक्सला ओपन-एमपीआय, आणि कमांड देताना ओर्काचा पूर्ण पाथ लिहावा लागतो, नुसतं नाव लिहून चालत नाही. मॅन्युअल हजारावर पानांचं, ते वाचायला बसू नका, इनपुटचा भाग आणि ऑप्टिमायझेशन-फ्रीक्वेन्सीचा भाग एवढाच काढून घ्या. मेमरी दर कोअरमागे ठरवावी लागते. आठ जीबी रॅम आणि चार कोअर असतील तर कोअरमागे दीड हजार एमबीच्या वर जाऊ नका, विंडोजलाही जगायचं असतं. आणि लॅपटॉपची झाकण बंद केल्यावर स्लीपला जायची सेटिंग आधी काढून टाका. फॅनचा आवाज रात्रभर येतो, रूम पार्टनरशी संबंध चांगले ठेवा, उन्हाळ्यात तर लॅपटॉप टेबलावर काहीतरी टेकू देऊन उंचच ठेवा.

चौथं छोटं आहे. कमांड लाईनची भीती असेल तर आयआयटी बॉम्बेच्या स्पोकन ट्युटोरियलचे लिनक्सचे धडे बघा, बरेचसे मराठीतून आहेत, फुकट आहेत, आणि बोलणारे हळू बोलतात.

याचा उपयोग कुठे होतो? विद्यापीठांच्या ‘आविष्कार’ या संशोधन स्पर्धेला पदवी गटात पोस्टर लावता येतं, तिथे खर्चाचा प्रश्न विचारला की ‘शून्य रुपये’ सांगताना वेगळीच मजा येते. नवीन शैक्षणिक धोरणाच्या रचनेत चौथ्या वर्षाला ऑनर्स विथ रिसर्च घ्यायचं तर पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के लागतात, म्हणजे रिसर्चच्या नादात मार्क घालवले तर रिसर्चचाच रस्ता बंद. म्हणून विषय निवडताना गाईडना एवढंच सांगा की सिलॅबसमध्ये जे आहे त्यातलंच काहीतरी द्या. आमच्यात एकाने ऑक्सिजनचा रेणू घेतला, मल्टिप्लिसिटी ३ आणि १ अशी दोन्ही गणितं केली, एमओ (मॉलिक्युलर ऑर्बिटल) थिअरीत जे पॅरामॅग्नेटिझम शिकवतात तेच, ट्रिपलेट (३ वालं) खाली आलं, प्रयोगातला फरक २२.५ किलोकॅलरीचा आणि त्याचा आकडा बराच वेगळा, तो का वेगळा हे शोधता शोधता त्याचा अख्खा प्रोजेक्ट झाला. रेणूत अणू फक्त दोन.

मार्क द्यायचे तर ओर्काला पाचपैकी साडेचार, अर्धा त्या इन्स्टॉलेशनच्या कटकटीसाठी कापला. अ‍ॅवोगॅड्रोला चार. वेळेत बसतं का, तर पाच, फक्त फोल्डर हलवायची शिस्त असेल तर. फिजिक्स सोडून दिलेल्यांसाठी दोन.

सुरुवात पाण्याच्या रेणूने करा. कोन १०४.५ अंशांच्या दोन-तीन अंश इकडेतिकडे आला पाहिजे, कंपनं तीन दिसली पाहिजेत. भलतंच काही आलं तर पहिल्यांदा मल्टिप्लिसिटी बघा. तिथे २ टाकलं असेल तर दहा इलेक्ट्रॉनला हे शक्यच नाही म्हणून ओर्का स्वतःच थांबतो, पण १ च्या जागी ३ टाकलं तर एक शब्द न बोलता चुकीच्या पाण्याचं गणित पूर्ण करतो आणि खाली ‘टर्मिनेटेड नॉर्मली’ छापतो.